डावीकडचं झाड

आमच्या आरमोरीच्या घरात समोर स्टुडिओ होता, मागे स्वयंपाकघर, आणि दोहोंच्या मधे फक्त एक पडदा. त्यामुळे फोटो काढायला आलेल्या नव्या नवरीच्या शालूला कायम लसणाच्या फोडणीचा वास लागायचा, आणि आमच्या लाखोळीच्या डाळीला फोटो धुण्याच्या औषधाचा. आई म्हणायची, डाळीत थोडं औषध गेलं तरी चालेल, निदान पोरांचे चेहरे तरी उजळतील. बाबा समोर कॅमेऱ्याच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून "जरा हसा" म्हणाले, की पडद्याआडून आईच आधी हसायची. गिऱ्हाईक दचकायचं, आणि नेमका तोच फोटो निघायचा. आमच्या तालुक्यातल्या एका आख्ख्या पिढीच्या लग्नाच्या फोटोंत नवरा-नवरी एकदम डावीकडे का बघतायत, याचं उत्तर आमच्या स्वयंपाकघरात आहे.

मी तेव्हा घरीच होते. बारावीला इंग्रजीने मला अडवलं होतं आणि पुन्हा परीक्षेला बसायला अजून अवकाश होता. घरात नापास मुलगी असली की तिला सगळी कामं सांगता येतात आणि कुठल्याही कामाला तिला नाही म्हणता येत नाही. डाळ निवडायची, फोटोंच्या कडा कापायच्या, बाहेरच्या फळीवर पाणी मारायचं, आणि बाबांना कुणी काही लिहून मागितलं की ते माझ्याकडून लिहून घ्यायचे, कारण माझं अक्षर चांगलं होतं. इंग्रजीतही चांगलंच होतं. फक्त त्या अक्षरात जे लिहिलेलं असायचं ते चूक असायचं.

बाबा मूळचे ढिवराच्या, मासे धरणाऱ्या घरचे. आजोबांचा आख्खा जन्म नदीत गेला, आणि त्यांचा हा एकुलता एक मुलगा पाण्याला भ्यायचा. गुडघाभर पाण्यात उतरला की रडायचा. शेवटी आजोबांनी वैतागून त्याला गावातल्या फोटोवाल्याकडे ठेवला, तर तिथेही पोरगं पाण्यातच हात घालून बसलं, फक्त ताटलीएवढ्या पाण्यात. बाबांची मोठी बहीण, आमची आत्या, ही खरी ढिवरीण. तिला दिली होती गाढवी नदीच्या पल्याड, अगदी काठावरच्या घरात. नदीचं नाव गाढवी आहे, यात माझा काही दोष नाही. आत्या बाजाराच्या दिवशी टोपलीत मासोळ्या घेऊन डोंग्यानं, त्या अरुंद लाकडी होडीनं, अल्याड यायची, बाजार उरकला की आमच्याकडे चहा प्यायची, आईला एक-दोन बोटरी मासे काढून द्यायची आणि जाताना बाबांना म्हणायची, "गजू, पानी पेत जा रे. भेऊ नको, पेल्यातलं हाय."

आत्याच्या अंगणात एक करंज होता. त्याच्याबद्दल आधी सांगायला हवं. आत्या लग्न होऊन गेली तेव्हा घर एका खोलीचं, आणि त्या खोलीत सासूचं राज्य. चूल सासूची, रांजण सासूचा, दाराचा उंबरठासुद्धा सासूचाच. तेव्हा आत्या जाळं घेऊन करंजाखाली जाऊन बसली, आणि ती तिथली झाली. जाळं विणायचं, फाटलेलं सांधायचं, मासे निवडायचे, तांदूळ पाखडायचा, भांडायचं, सगळं करंजाखाली. सासू वारली, खोलीच्या दोन खोल्या झाल्या, तरी आत्या घरात फक्त स्वयंपाकाला आणि झोपायला जायची. आम्ही सुट्टीत गेलो की आम्हालाही तिथेच जेवायला वाढायची. भात, मासोळीचा आंबट रस्सा, आणि चैत्रात ताटात वरून पडलेली करंजाची फुलं. फुलं काढायला गेलं तर म्हणायची, "राहू दे वो बाप्पा, जहर थोडी हाय." खरं तर करंज कडू असतो. पण आत्यासमोर करंजाला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती.

तिचे यजमान, आमचे फुफाजी, म्हणजे भरभक्कम, अबोल माणूस. डोमाजी त्यांचं नाव, पण ते नाव मी लग्नपत्रिकांतच वाचलेलं. घरात ते कुणाच्याच तोंडी नव्हतं. आत्या त्यांना "अवो" म्हणायची, बाबा बहिणीचा नवरा म्हणून "भाटवे", आम्ही "फुफाजी". बाबांनी नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना फुफाजींना दिला, आणि या माणसाला त्याचं वेड लागलं. गळ टाकून बसावं तसे ते कॅमेरा मांडीवर धरून तासन् तास बसायचे. एक रीळ त्यांना वर्ष-वर्ष पुरायचं, आणि बाबा पैसे घेत नाहीत म्हणून ते धुवायला दुसऱ्या गावात द्यायचे. "उगाच दाबून काय फायदा? मासोळी लागली पाहिजे," म्हणायचे.

आता स्पर्धा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. नाटकं, दुकानं, पाव्हणे, भज्यांच्या कढया. त्या मंडईत एका मंडळानं हौशी लोकांची फोटोस्पर्धा सुरू केली होती, आणि परीक्षक म्हणून बाबा. पहिल्या वर्षी नुसते नंबर जाहीर केले, तर ज्यांचे नंबर आले नाहीत त्यातल्या एकानं मांडवाचा खांबच उपटला. म्हणून दुसऱ्या वर्षी मंडळानं नियम केला की प्रत्येकाचा फोटो परत देताना त्याला सोबत एक कार्ड द्यायचं. त्यावर फोटोत काय चांगलं आहे आणि काय सुधारता येईल, ते गोड शब्दांत लिहायचं. मंडळाचे सचिव मराठीचे मास्तर होते. त्यांनी या कार्डाला "मार्गदर्शनपर अभिप्राय" असं नाव दिलं आणि बजावलं, की भाषा शुद्ध हवी, स्टुडिओतली भाषा चालणार नाही.

अभिप्राय सांगायला बाबांइतका नालायक माणूस जिल्ह्यात नसेल. त्यांना कुणाला वाईट म्हणताच यायचं नाही. एखाद्यानं रीळ उलटं घातलं असेल तरी म्हणायचे, "हरकत नाई, कॅमेरा तं चांगला हाय." पण सचिवांनी जबाबदारी दिली म्हणून एका दुपारी दुकान बंद करून आम्ही बाजेवर सगळे फोटो पसरले. बाबा एकेक उचलून सांगायचे, मी कच्चं लिहून घ्यायची, आणि ते मग सचिव शुद्ध करून कार्डांवर उतरवणार होते. आई खाली सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसली होती आणि तिला कुणीही परीक्षक नेमलेलं नव्हतं.

पहिल्याच फोटोत बैलजोडी होती, दोन्ही बैलांची तोंडं फोटोच्या बाहेर.

"लिही," बाबा म्हणाले, "बैलांचे पाय फार छान आले आहेत."

"अन तोंडं कुठी गेली?" आई म्हणाली. "चराले?"

मग एक देऊळ आलं, उजवीकडे कललेलं. मग एक सूर्यास्त, त्यात सूर्यापेक्षा मोठा अंगठा. मग ताडोबाच्या बाजूच्या एका गड्यानं पाठवलेला वाघ आला. झुडपात एक पिवळा डाग होता. तो वाघ असेल, तणसाचा ढीग असेल, कुणाचं वाळत घातलेलं धोतरही असेल. बाबांनी तो फोटो जवळ धरला, लांब धरला, खिडकीत नेला. शेवटी म्हणाले, "लिही. प्रयत्न धाडसी आहे. वाघ जरा पुढे आला असता तर अधिक बरे झाले असते."

आई सांबाराची जुडी तशीच हातात धरून म्हणाली, "वाघ पुढं आला असता तं फोटो धाडला असता कोनं? वाघानं?"

बाबांचा एक नियम होता आणि तो त्यांनी मला त्या दुपारी तीनदा सांगितला. माणसाला असं काही सांगू नये जे त्याला करता येणार नाही. भारी कॅमेरा घ्या म्हणू नये, दुसऱ्या गावाला जा म्हणू नये. जे घरच्या घरी, सहज करता येईल, तेवढंच एक सांगावं. म्हणजे माणूस नाराज होत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. अजूनही वाटतं. अडचण तीच आहे.

ढिगाच्या तळाशी फुफाजींचा फोटो निघाला. आत्या करंजाखाली बसून जाळं सांधतेय. मान खाली, दोन बोटांत सुई, पानांतून आलेला उजेड तिच्या गालावर नि जाळ्यावर सांडलेला. आत्याचा फोटो आम्ही कुणी कधी पाहिलाच नव्हता. तिच्या लग्नात फोटोवाला नव्हता, आणि भाऊच फोटोवाला झाल्यावर "कधीतरी काढू"वर सगळं राहिलं होतं. फक्त एक झालं होतं. फोटोचा डावीकडचा निम्मा भाग करंजाच्या खोडानं खाल्ला होता, आणि आत्या त्या खोडाआडून डोकावतेय अशी दिसत होती.

"फोटो झाडाचा हाय का बाईचा?" आईनं विचारलं.

"बाईचाच होय. उजेड पाह्य ना कसा धरला," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे ओले झाले होते. तेवढ्यात त्यांना आठवलं की आपण परीक्षक आहोत आणि हा आपला भाटवा आहे, आणि ते एकदम ताठ बसले. नातेवाइकाला नंबर देणं त्यांना जमणार नव्हतं. म्हणून की काय, त्यांनी अभिप्राय मात्र जीव ओतून सांगितला. "लिही. उजेड उत्तम. डाव्या बाजूनं झाडाची कटिंग केली तर बाई उठून दिसते."

आमच्या घरात कटिंग हा शब्द दिवसाला पन्नासदा बोलला जायचा. फोटोची नको असलेली कड कापून टाकायची, ती कटिंग. पासपोर्टची कटिंग, कमळाच्या आकाराची कटिंग, शेजारच्या माणसाशी भांडण झाल्यावर त्याला काढून टाकायची कटिंग. मी जसंच्या तसं लिहिलं. सचिवांनी ते वाचलं, कटिंग या शब्दावर काट मारली, आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात कार्डावर लिहिलं: "प्रकाशयोजना उत्तम. डावीकडील झाड कापून टाकावे. त्यामुळे बाईंचे व्यक्तिमत्त्व उठून दिसेल." वाक्य शुद्ध होतं. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नव्हती.

मंडईच्या दिवशी फुफाजी पांढरं धोतर नेसून आले. नंबर तिसऱ्याच कुणाचे आले, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. ते भज्याच्या दुकानापाशी उभे राहून कार्ड वाचत होते. वाचायला त्यांना वेळ लागायचा. एकेका शब्दाखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचे. वाचून झालं, पुन्हा वाचलं, आणि कार्ड बंडीच्या खिशात ठेवून मला म्हणाले, "बबी, तुया बापानं बेस रस्ता दाखवला." मला वाटलं, कसं छान झालं, कुणी खांब उपटला नाही.

आजकाल आमच्या घरच्या मोबाइलच्या ग्रुपवर कुणाचा ना कुणाचा फोटो येतोच. भावाची मुलगी मला विचारते, "आत्या, कसा आला? खरं सांग हं." मी अंगठा दाखवते. तिला वाटतं मला मराठी टाइप करता येत नाही. ती स्वतःच दोन बोटांनी फोटो चिमटते, नको ते बाजूला सारते, झाड जातं, खांब जातो, आणि पडद्यावर बारीकसा आवाजही होत नाही.

मंडईनंतर बाजाराचा दिवस आला. वर कुठेतरी अवेळी पाऊस झाला होता आणि गाढवीला गढूळ, ओढीचं पाणी आलं होतं. आत्या तशीही आली, मासोळ्या विकल्या, आणि आमच्याकडे येऊन पडद्याआड बसली. आईनं चहा टाकला. आत्या पदरानं मान पुसत म्हणाली, "तुयं भाटवं येडं झालं गजू. सकाळपासून कुऱ्हाडीले धार लावून राह्यलं. म्हनते, करंज कापतो."

"काऊन?" आईनं विचारलं.

"मले काय माईत? म्हनते, परीक्षक साहेबानं लिवून देल्लं." आत्या हसली. "मी म्हनलं, बोलते तं बोलू द्या. आजवर बोलून काई केलं हाय का त्या मानसानं?"

बाबा समोर एका म्हाताऱ्याची मान सरळ करत होते. त्यांनी ती तशीच सोडली. पडद्यातून आत आले तेव्हा त्यांचा चेहरा औषधात जास्त वेळ राहिलेल्या फोटोसारखा काळा पडला होता. "बाई," ते म्हणाले, "मी तसं नाई लिवलं."

"कसं नाई लिवलं?"

"कापा म्हणजे... ते फोटोतलं."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. फोटोतलं झाड आणि अंगणातलं झाड ही दोन वेगळी झाडं आहेत, हे तिच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. शिरल्यावर तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि टोपली न घेताच निघाली. तिच्या मागे बाबा, बाबांच्या मागे मी. म्हातारा मान वाकडी करून स्टुडिओत तसाच बसून होता, असं आईनं नंतर सांगितलं.

घाटावर पोचलो तर डोंगा पल्याड. डोंगेवाला तिकडे वाळूवर बसून काहीतरी खात होता. पल्याडच्या काठावर, जरा वरच्या अंगाला, आत्याचं घर दिसत होतं आणि घरापेक्षा उंच करंज दिसत होता. आधी आम्हाला हायसं वाटलं. मग आवाज आला. पाण्यावरून कुऱ्हाडीचा आवाज फार स्वच्छ येतो. आधी करंजाचा शेंडा शहारलेला दिसायचा, मग जरा वेळानं टक्क असा आवाज यायचा, जणू आवाजालाही डोंग्याची वाट बघावी लागत होती.

"अवो!" आत्या ओरडली.

टक्क.

"अवो! ऐकून राह्यले का!"

आता तुम्हीच सांगा, नदीपल्याड कुणी बाई "अवो" म्हणून ओरडली तर कुणी मान वळवावी? आख्ख्या गावातले नवरे अवोच. बाबांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडले, "भाटवे! ओ भाटवे!" काठावर कपडे धुणारे दोन गडी वळून बघू लागले, कारण तेही कुणाचे ना कुणाचे भाटवे होतेच. मी "फुफाजी" म्हणून ओरडले तर माझा आवाज मधल्या पाण्यातच पडला. आम्ही तिघं तिथं उभे, तिघांनाही त्या माणसाचं नाव ठाऊक, आणि तिघांपैकी एकाच्याही जिभेवर ते येईना. आज लिहिताना हसू येतं. तेव्हा आम्हाला एवढंच कळत होतं की आवाज पोचत नाही, आणि का पोचत नाही ते सुचत नव्हतं.

"त्याले थांबव!" बाबा डोंगेवाल्यावर ओरडले. "थांबव त्याले!"

डोंगेवाल्यानं हात वर केला. "येऊन राह्यलो ना बाप्पा! थांबा ना!" आणि सावकाश हात धुऊन, डोंगा ढकलून आमच्याकडे निघाला. ओढ होती, डोंगा तिरका यायचा, पुन्हा सरळ व्हायचा. बाबा पाण्यात उतरले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कमरेएवढ्या पाण्यात बघितलं. तिथे ते थांबले, कारण पुढे तळ नव्हता, आणि तसेच उभे राहून हात हलवत राहिले. टक्क. टक्क.

मग आत्यानं डोक्यावरचा पदर मागे टाकला, छातीभर श्वास घेतला आणि ओरडली, "डोमा!"

तो आवाज मला अजून ऐकू येतो. कपडे धुणाऱ्या गड्यांचे हात थांबले. डोंगेवाला वल्हं उचलून धरून आत्याकडे बघत राहिला आणि डोंगा वाहत खाली जाऊ लागला. पल्याड कुऱ्हाड थांबली. करंजाच्या बुंध्यापासून एक पांढरं धोतर बाजूला झालं आणि नदीकडे वळलं. फुफाजी होते. त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली होती. डोळ्यांवर आडवा हात धरून ते आमच्याकडे बघत होते. त्यांना ऐकू आलं होतं.

पण करंजाचं आता थांबण्यासारखं काही राहिलं नव्हतं. कुणी हात न लावताच तो करकरला, क्षणभर विचार केल्यासारखा उभा राहिला आणि मग सगळा फुफाजींच्या पाठीमागे अंगणात बसला. आवाज उशिरा आला. आत्यानं पदर पुन्हा डोक्यावर घेतला.

आम्ही पल्याड गेलो तेव्हा अंगणात इतका उजेड होता की घर ओळखू येईना. भिंतीवरचे पोपडे, कौलांतली फट, रांजणाखालचं शेवाळ, सगळं उघडं पडलं होतं. फुफाजी घामानं निथळत होते, आणि खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. आम्ही बघायला आलो असं त्यांना वाटलं. त्यांनी घरातून फोटो आणि कार्ड आणलं आणि बाबांपुढे धरलं. "पाह्य आता, साहेब. आता दिसन बाई उठून."

बाबांच्या पँटीतून अजून पाणी गळत होतं. त्यांनी फोटो हातात घेतला आणि आपला डावा तळवा त्याच्यावर असा आडवा ठेवला. झाड झाकलं गेलं. आत्या एकटी राहिली, जाळं, सुई, गालावरचा उजेड. खरंच उठून दिसत होती.

"असं म्हनलं होतं," बाबा म्हणाले.

फुफाजींनी बघितलं. मग स्वतःचा मोठा थोरला तळवा पुढे केला, बाबांचा हात बाजूला सारून आपला ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

"हात ठेवला की झालं?"

बाबांनी मान हलवली. फुफाजी पडलेल्या खोडावर बसले. कुणाकडेच न बघता म्हणाले, "तिचा एकबी फोटो नाई गजूभाऊ. मी म्हनलं, एकदा तरी दिसू दे."

आत्या रडलीही नाही, भांडलीही नाही. भांडायची तिची जागाच तिथं पडलेली होती. तिचं जाळं फांद्यांना टांगलेलं होतं, ते झाडाबरोबर खाली येऊन गुरफटलं होतं. ती उन्हात बसून ते पानांमधून एकेक गाठ सोडवत बाहेर काढू लागली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू राहू दे, तुह्यानं फाटन." मग उठून तिनं आम्हाला भात आणि रस्सा वाढला, घरात, चुलीपुढे. आम्ही पाच-सहा घास गिळले. त्या घरात आत बसून मी पहिल्यांदाच जेवत होते. तिथं इतका अंधार असतो हे मला माहीत नव्हतं.

घरी परतल्यावर आईनं ऐकून घेतलं आणि बाबांची ओली पँट धुवायला घेतली. सचिवांना बाबांनी सांगितलं तेव्हा त्यांनी कार्डाचा मसुदा पुन्हा वाचला आणि हळहळून म्हणाले, "पण वाक्यात तर चूक नाही हो." खरंच नव्हती. कुणाला रागवावं हेच कळेना. बाबांनी चांगलं सांगितलं होतं, सचिवांनी चांगलं लिहिलं होतं, फुफाजींनी चांगलं ऐकलं होतं. असा सगळा चांगला माल एकत्र आल्यावर रागवायला जागा कुठून उरणार?

पुढच्या मंडईच्या आधी फुफाजी पुन्हा आले. सोबत आत्या होती, बाजाराची टोपली घेऊन. वर्षभर त्यांनी रिळातला फक्त एकच फोटो काढला होता आणि तो स्पर्धेत टाकायचा की नाही, ते बाबांनी सांगायचं होतं. बाबा म्हणाले, मी यंदा परीक्षक नाही. फुफाजी म्हणाले, "परीक्षक नसशील, पन तुनं सांगितलं ते केलं ना मी? मंग पाह्य तरी."

पडद्याआड आम्ही सगळे बसलो. बाबांनी फोटो हातात घेतला. अंगण होतं, मोकळं, मागे घर. आत्या बरोबर मधोमध उभी होती. डावीकडे काही नव्हतं, उजवीकडे काही नव्हतं. फोटो हललेला नव्हता, कललेला नव्हता, कुणाचा अंगठा नव्हता. फक्त भर दुपारचं ऊन होतं, पांढरं फटक, आणि त्यात आत्यानं डोळे इतके आवळले होते की ते दिसतच नव्हते. एक हात तिनं कपाळाशी धरला होता, ऊन अडवायला. चेहऱ्यावर त्या हाताची सावली होती. आख्ख्या फोटोत सावली तेवढीच.

फुफाजी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. बाबांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. "सरळ हाय," ते म्हणाले. "स्वच्छ हाय. मधात आली बाई." मग थांबले. काय चांगलं, ते सांगून झालं होतं. आता काय सुधारता येईल, ते सांगायची पाळी होती, घरच्या घरी, सहज करता येईल असं काहीतरी एक. बाबांचे ओठ हलले, आणि तसेच राहिले. आईनं मान फिरवली आणि विझलेल्या स्टोव्हवरच्या रिकाम्या भांड्यात उगाच पळी फिरवायला लागली.

"आन इकडं," आत्या म्हणाली आणि तिनं फोटो बाबांच्या हातून घेतला. मासोळीचे हात होते, म्हणून कडेनं धरला. निरखून बघितलं. फोटोतल्या बाईसारखेच डोळे बारीक करून बघितलं.

"चांगला हाय," ती म्हणाली. "पन हे घर कोनाचं होय?"

फुफाजींनी आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग खाली बघत म्हणाले, "आपलंच होय वो."

"असन," आत्या म्हणाली, आणि फोटो त्यांना परत दिला.